निळ्या डब्यात काय आहे

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं. यंदाचं आपत्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

वस्तीत बारा घरं आहेत आणि काम घरांच्या क्रमानं फिरतं. घरात माणसं किती, कुठल्या वयाची, हे कोण बघतंय? मी म्हटलं, आमच्याकडे आता मी एकटीच, नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. आमचे वस्तीप्रमुख हासेबेसान फार हळहळले, दोनदा मान हलवली आणि वस्तीच्या शेडची किल्ली माझ्यापुढे ठेवली. गेली दोन वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं. किल्ली देताना त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिथंच संशय यायला हवा होता.

वर वस्तीतल्या तोकुसान होत्याच. वय एकोणऐंशी, जीभ एकोणीस. "द्या की कुदोंच्या सुनेला. रिकामीच तर असते." मी बासष्ट वर्षांची आहे. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही हिमेजी सोडून इथे यामागाताच्या बर्फात, त्यांच्या गावी राहायला आलो, त्यालाही सहा वर्षं झाली. तरी या बाईच्या तोंडी माझं नाव काही येत नाही.

आपत्तीचं काम म्हणजे मुख्यतः जनरेटर. हिवाळ्यात तारा तुटतात, आणि तोकुसानचे यजमान इसाबुरोसान यांच्या नाकात चोवीस तास ऑक्सिजनची नळी. त्यांचं यंत्र विजेवर चालतं. वीज गेली तर घरातली सिलिंडरं सहा-सात तास पुरतात. त्यापुढे जनरेटर. म्हणजे त्यापुढे मी.

१९ नोव्हेंबर

शेड उघडली. दोन फावडी, सात हेल्मेटं, फाटकी ताडपत्री, मेलेला उंदीर आणि कोपऱ्यात जनरेटर. दोरी ओढली. चाळीस वेळा मोजून ओढली, ढिम्म. खांदा निखळलाय.

पेट्रोलचा पत्र्याचा डबा रिकामा. रॉकेलचा निळा प्लास्टिकचा डबा मात्र अर्धा भरलेला आहे, म्हणजे वस्तीच्या सभागृहातल्या शेगडीची सोय झाली. तेवढी एक गोष्ट तरी धड. शेजारी एक लाल डबाही होता, रिकामा. तो कशाचा देव जाणे. घरी रॉकेल टँकरवाला बाहेरच्या टाकीत परस्पर भरून जातो, त्यामुळे इथे डब्यांशी माझा कधी संबंधच आला नाही. आमच्या हिमेजीला सगळं कसं साधं, रॉकेल म्हटलं की निळा डबा.

हासेबेसानना विचारलं, शेवटचा कधी चालवला? म्हणाले, गेल्या वर्षीच्या सरावात, अगदी झकास चालला, तसाच पुसून ठेवला. पेट्रोल काढलं होतं का? "कशाला? टाकी भरलेली असली की वेळेला बरी." धन्य.

२२ नोव्हेंबर

जनरेटर गाडीत घालून खाली शेती अवजारांच्या दुकानात नेला. मिस्त्रीनं तो उघडला, कार्ब्युरेटर माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, घ्या वास. मी घेतला आणि मान डोलावली. खरं सांगायचं तर मला काहीच वास आला नाही. सप्टेंबरातल्या तापानंतर नाक बसलंय ते अजून उठलेलं नाही. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. पण हे त्या पोरट्याला कशाला सांगू?

जुनं पेट्रोल आत सुकून लाखेसारखं झालं होतं. त्यानं मला तासभर शिकवलं आणि मी सगळं लिहून घेतलं. काम झालं की पेट्रोलची चावी बंद करायची आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे आत थेंब राहत नाही. चालवायचं ते उघड्यावर, खिडक्या-दारांपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषाला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. गरम यंत्रात पेट्रोल ओतायचं नाही, बंद करून निवू द्यायचं. पेट्रोल फक्त पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. डबा उघडण्याआधी त्याचा छोटा स्क्रू सैल करून आतली हवा सोडायची.

एवढं साधं आहे. दोन वर्षं एका माणसाला जमू नये?

२५ नोव्हेंबर

तोकुसानशी वाजलं. त्यांचं म्हणणं, जनरेटर त्यांच्या घरी ओसरीत ठेवा आणि वेळ आली की तिथंच चालवा. मी म्हटलं, ओसरीला दार आहे, भिंती आहेत, धूर आत कोंडेल. त्या म्हणाल्या, मग दार उघडं ठेवू. मी म्हटलं, तरी नाही. "बाहेर बर्फात ठेवून जनरेटरला सर्दी झाली तर? माझ्या माणसानं श्वास कुणाकडे मागायचा, तुझ्याकडे?"

मी शेवटी सांगितलं की वीज गेली तर इसाबुरोसानना घसरगाडीवरून सभागृहात आणायचं, जनरेटर बाहेर अंगणात चालेल, हे ठरलं. त्या उठल्या. दारात थांबून हवेत नाक वर केलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुझा मासा करपला." आत जाऊन बघते तर कोळसा.

या बाईच्या नाकाचा मला राग येतो. कुणाकडे मुळ्याचं लोणचं बिघडलं, कुणी कुठली दारू उघडली, हिला रस्त्यावरून कळतं. हिनं सांगितल्याशिवाय वस्तीत कुणी लोणच्यावर दाबून ठेवलेला दगड उचलत नाही. आणि मला माझ्या चुलीवरचा मासा कळू नये.

१ डिसेंबर

नियमांचं पत्रक रात्रभर बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं. अकरा नियम. शेवटी लाल शाईनं, "वस्तीच्या शेडमध्ये किंवा घरी कुणी पत्र्याच्या डब्याशिवाय दुसऱ्या कशात पेट्रोल ठेवलं असल्यास मला ताबडतोब सांगावे." आज ते फिरत्या पाटीला लावून शेजारच्या घरी दिलं. पाटी घरोघर फिरेल, वाचून प्रत्येकानं शिक्का मारायचा, मग माझ्याकडे परत.

लावताना फार घाई झाली. टेबलावर कागदांचा हा ढीग, तिकडे भात लागला (धूर दिसला म्हणून कळलं), हातात आला तो वरचा कागद चिमट्यात अडकवला आणि धावले.

७ डिसेंबर, रविवार

पाटी परत आली. अकराच्या अकरा शिक्के! मला वाटलं होतं नियम वाचून कुणीतरी कुरकुरेल, पण नाही. चिमटा मोकळा होता, कागद कुणीतरी काढून ठेवून घेतला असावा. घेऊ दे, भिंतीवर लावला असेल.

हासेबेसान रस्त्यात भेटले आणि चक्क वाकून म्हणाले, "सुमिएसान, यंदाचं पत्रक फार उपयोगाचं होतं. आम्ही लगेच दोन मागवले, मोठे." मला भरून आलं. दोन पत्र्याचे डबे, स्वतःच्या पैशानं! माणसाला नीट समजावलं तर समजतं.

दुसऱ्या डब्यांबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुठे काही नाही. चला, एक काळजी मिटली.

फक्त सहकारी भांडाराचं खेकड्यांचं पत्रक हरवलंय. याच ढिगात होतं. मागणीची तारीख उलटून गेली.

२९ डिसेंबर

भांडाराची गाडी आली होती. प्रत्येक घरापुढे थांबली. प्रत्येक घरी खेकडे. हासेबेंकडे दोन मोठी खोकी. माझ्या दारावरून गाडी सरळ पुढे गेली.

म्हणजे सगळ्यांनी मिळून मागवले आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. मी बाहेरची ती बाहेरचीच. यांच्यासाठी मी खांदा निखळून घेते, थंडीत जनरेटर दर पंधरा दिवसांनी सुरू करून बघते, आणि नववर्षाच्या ताटाला खेकडा विचारायची वेळ आली की कुदोंची सून कुणाला आठवत नाही.

संध्याकाळी तोकुसान एक तंगडी पानात गुंडाळून घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझ्याकडे खेकडा शिजल्याचा वास नाही आला. तू नाही मागवलास?" मी म्हटलं, मला आवडत नाही. त्या गेल्यावर ती तंगडी मी उभ्यानंच खाल्ली. चव कसली, खारट दोरा. नाक नसलं की जीभही गेली.

१४ जानेवारी, बुधवार

आजच लिहिते. उद्या मी स्वतःला सांभाळून लिहीन आणि ते खोटं होईल.

पहाटे ओला, जड बर्फ पडला. पावणेसातला वीज गेली. वीज कंपनीला फोन केला, खालच्या वळणावर झाड तारांवर पडलंय, रस्ता बंद, संध्याकाळपर्यंत आशा धरू नका. आठ वाजता इसाबुरोसानना सिलिंडर आणि यंत्रासकट घसरगाडीवर घातलं, मी आणि हासेबेसान ओढतोय, तोकुसान मागून सूचना करतायत.

जनरेटरची जागा मी आधीच ठरवली होती. सभागृहाच्या छपराखाली नाही, वरून बर्फ कोसळतो. अंगणात पंधरा पावलांवर बर्फ थापटून ओटा केला, त्यावर फळ्या, वर उभ्या फळ्यांवर पत्रा, धुराचं तोंड घरांच्या उलट दिशेला. तिसऱ्या ओढीला सुरू झाला. तिसऱ्या! वायर आत नेली, यंत्र लावलं, त्याचा तो घुर्र-फुस्स आवाज सुरू झाला आणि इसाबुरोसानच्या ओठांचा रंग आमच्या डोळ्यांदेखत परत आला. सिलिंडर बंद करून बाजूला ठेवलं, पुढे लागेल म्हणून. मी सगळ्यांना बजावलं की पेट्रोल वाचवायचंय, दिवा लावायचा नाही, एकही नाही. हासेबेसाननी दिवा लावायला हात पुढे केला तर मी त्यांच्या हातावर चापट मारली.

सभागृहात हाडं गोठत होती. खिडक्या बर्फानं अर्ध्या बुजलेल्या, आत अंधारं. तोवर सातजण जमले होते, सगळे सत्तरीपुढचे. शेगडीची टाकी रिकामी. मी शेडमधून निळा डबा आणला. इसाबुरोसानपासून लांब, दाराजवळच्या कोपऱ्यात शेगडी ओढली. ऑक्सिजनजवळ जाळ नको, हा माझाच नियम होता. पंप लावला, टाकी भरली, शेगडीत बसवली, हातमोजे काढून हात पुसले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे लिहून ठेवते.

हात पेटवायच्या बटनावर होता. तेव्हा तोकुसान खोलीच्या त्या टोकाहून उठल्या. सत्तर किलोचं अंग, गुडघे गेलेले, पण कशा आल्या मला कळलं नाही. माझं मनगट धरलं.

"काय ओतलंस त्यात?"

मी चिडले. म्हटलं, रॉकेल, दुसरं काय ओततात शेगडीत? सकाळपासून तुमच्या सूचना ऐकतेय.

"पेट्रोल आहे हे. शिळं आहे, पण पेट्रोलच." त्यांनी मनगट सोडलं नाही. "तुला वास येत नाही का गं?"

सातजण माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नाही. सप्टेंबरपासून येत नाही.

पुढचं कुणाला मला सांगावं लागलं नाही. डबा बाहेर, शेगडी उचलून बाहेर बर्फात, ओले हातमोजे बाहेर, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बाहेर उजेडात टाकीत बघितलं तर पेट्रोलवाले घालतात तो नारिंगी रंग स्पष्ट दिसत होता. आत अंधारात मला तो दिसला नाही, कारण दिवा मीच लावू दिला नव्हता.

हासेबेसान ओसरीवर उभे होते, बर्फासारखे पांढरे. म्हणाले, डबा त्यांनीच भरला होता, दोन वर्षांपूर्वी. पत्र्याचा डबा लहान पडला म्हणून. "रॉकेलचा डबा लाल असतो ना, म्हणून मुद्दाम निळ्यात ठेवलं. घोटाळा नको म्हणून." इथे रॉकेलचा डबा लाल असतो. हे पोरासोरांनाही माहीत असतं. मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मी किंचाळले, पत्रकात लिहिलं होतं ना मी, लाल शाईनं, कुठे पेट्रोल असेल तर सांगा म्हणून! तुम्ही शिक्का मारलात!

ते गोंधळले. मग म्हणाले, "सुमिएसान, पत्रकात तर खेकडे होते."

तासभर खिडक्या उघड्या ठेवून आम्ही रजया गुंडाळून बसलो. मग मी आणि तोकुसान माझ्या घरी गेलो, लाल डबा माझ्या टाकीतल्या रॉकेलनं भरला. तो रिकामाच होता तरी त्यांनी आधी हुंगला, भरल्यावर पुन्हा हुंगला. सभागृहात दुसरी शेगडी आणली, ती पेटवली ती त्यांनी. माझा हात पुढे होईना.

अकरा वाजता जनरेटरमध्ये पेट्रोल घालायची वेळ आली. इसाबुरोसानना सिलिंडरवर घेतलं, जनरेटर बंद केला आणि निवायची वाट बघत बर्फात उभी राहिले. वीस मिनिटं. पत्र्याचा डबा मीच परवा भरून आणलाय, हे माहीत असूनही माझ्यानं तो उघडवेना. म्हटलं, तोकुसान, जरा नाक देता का? त्यांनी दिलं. त्या एकदा तरी टोमणा मारत्या तर बरं झालं असतं.

वीज चारला आली. चावी बंद करून जनरेटर कोरडा होईपर्यंत चालवला. तो नियम मी पाळला.

१५ जानेवारी

टेबलावरचा ढीग उपसला. सर्वांत खाली माझं पत्रक. अकरा नियम, लाल शाई, एक सुरकुतीही नाही.

आणि मी अकरा शिक्के बघून खूष झाले होते. न वाचता शिक्का मारला म्हणून काल हासेबेसानवर किंचाळले. पाटीला काय लावलं ते मीही वाचलं नव्हतं. त्या अकरांच्या वर, सगळ्यांत पहिला शिक्का माझाच होता.

दुपारी हासेबेसानकडे जाऊन किल्ली ठेवली. म्हटलं, मला वास येत नाही, हे मी लपवलं. अशा बाईकडे पेट्रोल नको. दुसऱ्या कुणाला द्या. ते किल्ली उचलेनात. कामाच्या क्रमात पुढचं घर तोकुसानचं. त्यांना निरोप धाडला तर उलट निरोप आला, "मला दोरी ओढवत नाही, सून ओढेल, नाक माझं." झालं, परत किल्ली माझ्याच खिशात. या वस्तीत राजीनामासुद्धा धड देता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

नवं पत्रक लिहिलं. अकरा नियम राहू दिले. वर, सगळ्यांत आधी, मी काय केलं ते लिहिलं. मला वास येत नाही, मी निळ्या डब्यातलं पेट्रोल शेगडीत घातलं, तोकुसाननी माझा हात धरला नसता तर आपण सात-आठजण आणि एक ऑक्सिजनचं यंत्र त्या खोलीत होतो. बाकी काही लिहिलं नाही. लिहिताना तीनदा कागद फाडला, लाज वाटत होती म्हणून. चौथ्यांदा पाटीला लावल्यावर तो दोनदा वाचला आणि मगच चिमटा सोडला.

२५ जानेवारी, रविवार

पाटी आली. या वेळी शिक्क्यांशेजारी लोकांनी लिहिलंय. हाताचं अक्षर, काहींचं वाकडं.

आमच्याकडे अर्धा लिटर, साके दारूच्या बाटलीत, गोठ्यात. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत, गवतकापणीसाठी, माफ करा. आमच्याकडे रंगाच्या डब्यात आहे बहुतेक. हासेबेसाननी लिहिलंय, अजून एक निळा डबा आमच्या वखारीत सापडला, सुमिएसान येऊन बघाल का. नऊ घरांत निघालं. नऊ! आम्ही एवढी वर्षं शेगड्या पेटवून त्याच्या शेजारी झोपतोय.

शेवटच्या ओळीत तोकुसानचं अक्षर, वळणदार, शाळेतल्यासारखं. "आमच्याकडे नाही. सगळं हुंगून पाहिलं. सून, उद्या दहाला तुझ्याकडे येते."

मी चडफडले. माझ्या घरात काय असणार? मला पेट्रोल लागतंच कशाला?

२६ जानेवारी

बरोबर दहाला आल्या. स्वयंपाकघर हुंगलं, न्हाणी हुंगली, माझी बिघडलेली मिसो, म्हणजे सोयाबीनचं वाटण, टाकून द्यायला लावली. मग मागच्या पडवीत गेल्या. नवऱ्याच्या वस्तू मी अजून हलवलेल्या नाहीत, बूट, विळे, टोपी. तोकुसान टोपीपाशी थांबल्या, खाली वाकल्या आणि बुटांच्या मागून चहाची प्लास्टिकची बाटली काढली. हिरव्या चहाचीच, बाहेर लेबलसकट.

पांढरी चिकटपट्टी लावली होती. त्यावर नवऱ्याचं अक्षर. "पेट्रोल. सुमिए, पिऊ नकोस."

मी ती बाटली हातात धरून बसले. सहा वर्षं तिथंच होती म्हणजे. ते पहिल्या उन्हाळ्यात गवत कापायचे. आणि मी आल्या-गेल्याला सांगत होते की आमच्याकडे सगळं नियमानं असतं.

तोकुसान पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "येतोय का वास?"

मी म्हटलं, नाही.

"मग डोळ्यांना काय झालं?"

म्हटलं, पेट्रोल झोंबलं. त्यांनी बरं म्हटलं आणि बाटली हातातून काढून घेतली, बाहेर नेऊन बर्फात उभी केली. चिकटपट्टी मात्र आधी अलगद सोलून माझ्या हातावर ठेवली. ती मी इथे वहीत चिकटवतेय.